चोवीस खाने, पाच संग्राहक : जमवण्याजोगं नाणं कोणतं?

नाणी जमवणाऱ्या आमच्या पाच जणांच्या गटाला एका प्रदर्शनात नाणी मांडायला काचेची एक पेटी मिळाली. पेटीत चोवीस खाने. प्रत्येकाच्या कपाटात अशा दहा पेट्या भरतील एवढा ऐवज आहे, तेव्हा नाण्यांची ददात नव्हती. अडचण होती ती निवडीची. या गटात जमवण्याजोगं नाणं कोणतं, यावर कैक वर्षं वाद चालू आहे आणि आजवर त्याला निकालाची गरज पडली नव्हती. पेटीमुळे ती पडली.

गटाची टिपणं मी ठेवतो. त्यांच्यावरून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे, कारण याच वादावरून जिवाभावाची माणसं एकमेकांकडे जायची बंद झालेली मी पाहिली आहेत. आमच्याकडे तसं झालं नाही, आणि ते आपोआप टळलं असं मला वाटत नाही.

माणसं आणि त्यांची दैवतं

गटात आम्ही एकमेकांना नावापेक्षा संग्रहावरूनच ओळखतो. चांदीवाले काका वयाने मोठे. त्यांचं म्हणणं सरळ आहे: नाण्यात धातूची स्वतःची पत असावी, हातात घेतल्यावर वजन लागावं, दगडावर टाकलं तर खणखणीत वाजावं. बंदा रुपया म्हणजे नाणं, बाकीची चिल्लर. सर निवृत्त शिक्षक. हजार वर्षांच्या अलीकडचं काही त्यांच्या संग्रहात क्वचितच सापडेल. आहत नाणी (म्हणजे चांदीच्या तुकड्यांवर सुट्या खुणा ठोकलेली सर्वांत जुनी नाणी), सातवाहन, क्षत्रप म्हणजे पश्चिम भारतातले शक राजे, थोडे रोमन. ताई फक्त चलनात फिरणारी, सुट्ट्या पैशांतून सापडणारी नाणी जमवतात आणि टांकसाळीच्या खुणांनुसार लावतात. पाचांतला धाकटा चुका जमवतो: सरकलेला ठसा, दोनदा बसलेला ठसा, चुकीच्या चकतीवर पाडलेलं नाणं. आणि मी तांब्याचा माणूस. झिजलेलं, काळवंडलेलं, कुणाच्या तरी कमरेच्या कशात वर्षानुवर्षं घासलेलं तांबं मला आवडतं.

प्रत्येकाला इतर चौघांची दया येते. काका ताईंना म्हणतात, "जे कोटींनी पाडलं ते जमवायचं कशाला? ते तर आपोआप जमतं." ताई काकांना म्हणतात, "काका, तुम्ही नाणी नाही, चांदी जमवता." सर दोघांचं ऐकून घेतात आणि हसतात, त्याने दोघंही चिडतात.

नियम कसा ठरला

पहिली सूचना समान वाटपाची होती. प्रत्येकी चार खाने आणि उरलेले चार चिठ्ठ्या टाकून. सरांनी ती तिथल्या तिथे नाकारली. "मग ती एक पेटी राहणार नाही, पाच डब्या शेजारी ठेवल्यासारखं होईल. बघणाऱ्याला त्यातून काय कळणार?" त्यांनी सुचवलं की प्रत्येक नाणं टेबलावर यावं, आणणाऱ्याने त्याची बाजू मांडावी आणि इतर चौघांपैकी तिघांना पटलं तरच ते आत जावं.

यात ताईंनी एक अट घातली आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची दिशा तिथेच बदलली. बाजू मांडताना दोन शब्द वापरायचे नाहीत: किंमत आणि दुर्मिळ. त्यांचं कारण असं की हे दोन शब्द आले की बोलणं संपतं. "दुर्मिळ आहे" म्हटल्यावर ऐकणाऱ्याने मान डोलावण्यापलीकडे काही उरत नाही, आणि किंमत काढली की मनात हेवा तरी येतो नाहीतर शंका तरी.

काका म्हणाले, "मग सांगायला उरतं काय?"

हे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले होते. पण पुढच्या सगळ्या बैठकांत आम्ही याच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो.

आणखी एक गोष्ट न ठरवता पाळली गेली: टेबलावर काटा, भिंग, मापणी आणि लहान चुंबक कायम असायचं, आणि पेटी भरेपर्यंत गटात एकमेकांशी खरेदी-विक्री किंवा अदलाबदल झाली नाही.

चुंबकाची बैठक

काकांनी सुरुवात सहाव्या जॉर्जच्या रुपयांनी केली. ही त्यांची सर्वांत लाडकी रांग. १८३५ पासून हिंदुस्थानातल्या रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात हजारी ९१७ भाग चांदी, हे प्रमाण शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलं. १९४० मध्ये युद्धाच्या ओढाताणीत ते ५०० वर आलं. काकांनी १९३९ आणि १९४० चे रुपये शेजारी ठेवले. वजन तेवढंच, राजाही तोच, पण चांदी जवळजवळ निम्मी. त्यांनी सांगितलेली गोष्ट चोख होती आणि सगळ्यांना पटली.

ताईंनी विचारलं, "काका, पुढचा कुठे आहे?"

१९४७ चा रुपया काकांच्या रांगेत नव्हता, कारण तो निकेलचा. ताईंनी स्वतःच्या पाकिटातून तो काढला. एका बाजूला तोच राजा, दुसऱ्या बाजूला वाघ. त्यांनी चुंबक आधी काकांच्या १९४० च्या रुपयावर धरलं; काहीच झालं नाही. मग निकेलच्या रुपयावर धरलं आणि तो टप्पकन चिकटून वर आला. "तुमची गोष्ट चांदी कशी गेली याची आहे ना? मग ती गेली हे दाखवणारं नाणं तुम्ही गोष्टीतून वगळताय."

काका बराच वेळ ते नाणं उलटसुलट करत राहिले. त्यांच्या हिशेबात ते नाणंच नव्हतं, आणि तरी त्यांची रांग त्याच्यावाचून पुरी होत नव्हती. शेवटी तिन्ही रुपये एका ओळीत आत गेले. दोन काकांचे, एक ताईंचा.

पण काकांनी मूळ मुद्दा सोडला नाही, आणि त्यांची बाजू लंगडी होती असंही मला म्हणायचं नाही. ते म्हणाले, धातूवरचा विश्वास हा नुसता म्हाताऱ्यांचा हट्ट नाही, इतिहासात त्याची परीक्षा झालेली आहे. आणि त्यासाठी त्यांनी सरांच्याच प्रांतातलं उदाहरण काढलं: मुहम्मद तुघलकाचं पितळी नाणं. १३२९-३० च्या सुमारास सुलतानाने पितळेची आणि तांब्याची नाणी पाडून ती चांदीच्या टंक्याच्या मोलाने घ्यावीत असा हुकूम काढला. जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो परमेश्वराची आज्ञा पाळतो, असा मजकूर त्या नाण्यांवर कोरलेला आहे. लोकांनी नकली नाण्यांचा इतका पूर पाडला की हुकूम मागे घ्यावा लागला. काका म्हणाले, "बघा. परमेश्वराचं नाव घालूनसुद्धा पितळेची चांदी झाली नाही."

सरांना हे उदाहरण मान्य, पण निष्कर्ष मान्य नव्हता. त्यांच्या मते बिघाड पितळात नव्हता. नक्कल करायला सोपं नाणं पाडलं आणि नक्कल रोखायची तजवीज केली नाही, यात होता. आज जगभर लोक ज्या नाण्यांवर व्यवहार करतात त्यांतल्या धातूचं मोल कुणी विचारत नाही. यावर तासभर बोलणं झालं. एकमत झालं नाही. सरांकडचं पितळी नाणं मात्र पाचही जणांच्या संमतीने आत गेलं, काकांच्या बाजूचा पुरावा म्हणूनही आणि सरांच्या बाजूचा म्हणूनही.

चूक कशाला म्हणायचं

मला सर्वांत जास्त शिकवलं ते धाकट्याच्या नाण्यांवरच्या वादाने.

त्याने ठसा सरकलेलं एक आधुनिक नाणं आणलं. चंद्रकोरीएवढी कडा कोरी, बाकी नक्षी बाहेर सांडलेली. त्याची व्याख्या अशी: यंत्राने जे करायचं ठरवलं होतं त्यापेक्षा वेगळं झालं की ती चूक, आणि चुकीतच यंत्र आपल्याला दिसतं; बिनचूक नाण्यात ते लपलेलं असतं. मला हे फार आवडलं. मी त्याच्यासमोर माझी शिवराई ठेवली. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" असा मजकूर असतो. पण पुष्कळदा एका शिवराईवर तो सबंध मिळत नाही. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, आणि घाव हातोड्याचा. त्यामुळे एकावर "श्री" सुटतं, दुसऱ्यावर "शिव"मधला "व" कडेबाहेर जातो, तिसऱ्यावर "पति"च तेवढं दिसतं. चार-पाच शिवराया शेजारी मांडाव्यात तेव्हा मूळ ठसा डोळ्यांपुढे उभा राहतो.

मी त्याला म्हटलं, "तुझ्या व्याख्येने माझा सगळा संग्रह चुकीचाच."

तो गप्प झाला, आणि मग त्याने जे उत्तर दिलं ते माझ्या टिपणात अधोरेखित केलेलं आहे. तो म्हणाला, चूक ही ज्याच्या-त्याच्या कारखान्याच्या अपेक्षेवरून ठरते. हातोड्याच्या टांकसाळीत ठसा मधोमध बसावा ही अपेक्षाच नव्हती, वजन आणि धातू बरोबर असावेत एवढी होती. तेव्हा सरकलेली शिवराई ही चूक नव्हे. पण वजनाला कमी लागणारी शिवराई चूक ठरू शकते. त्याने लगेच माझ्या शिवराया काट्यावर घातल्या. मी त्या मजकुरावरून लावल्या होत्या. त्या संध्याकाळपासून वजनावरूनही लावतो आहे.

मग सरांची पाळी आली. त्यांनी रोमन प्रजासत्ताकाच्या काळातला एक डेनारियस, म्हणजे रोमनांचं चांदीचं नाणं, काढला. एका बाजूला उठावाचा चेहरा. दुसऱ्या बाजूलाही तोच चेहरा, पण खोलगट आणि आरशात पाहिल्यासारखा उलटा. धाकटा खुर्चीतून उठलाच. "ब्रॉकेज!" आधीचं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहतं, कारागिराच्या लक्षात येत नाही, तो खाली नवी चकती ठेवून घाव घालतो आणि चिकटलेलं नाणंच ठशाचं काम करतं. दोन हजार वर्षांपूर्वीची एक गडबडीतली घडी त्या चांदीत जशीच्या तशी राहिली आहे. इतकी वर्षं सर आणि धाकटा एकमेकांच्या संग्रहाकडे ढुंकूनही पाहत नव्हते. त्या दिवशी बैठक संपल्यावर ते दोघंच भिंग घेऊन कितीतरी वेळ बसले होते.

सरांनी दुसरं नाणं ठेवलं तेव्हा मात्र ही मैत्री लगेच ताणली गेली. ते होतं क्षत्रप नहपानाचं चांदीचं नाणं, ज्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी इथे १३,००० हून जास्त नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर असा दुसरा ठसा आहे. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, आणि त्यांच्या खालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. धाकटा म्हणाला, हा डबल स्ट्राइक, माझ्या रांगेत ठेवा. सर म्हणाले, कदापि नाही. ही चूक नाही, ही जाहीर घोषणा आहे. हरलेल्या राजाची नाणी वितळवून नवी पाडता आली असती. त्याऐवजी त्याच्या चेहऱ्यावर आपली खूण उमटवून ती लोकांच्या हातात परत पाठवली.

धाकट्याचा प्रतिवादही बिनतोड होता: बघणाऱ्याला हेतू दिसत नाही, धातूवर दोन ठसे दिसतात. ते ठसे कोणत्या क्रमाने आणि कोणत्या जोराने बसले हे वाचायची रीत दोन्हीकडे एकच. शेवटी ते नाणं आणि धाकट्याचं दोनदा ठसा बसलेलं आधुनिक नाणं शेजारी ठेवलं. माझ्या मते पेटीतली ही सर्वांत चांगली जोडी. सरांना ती अजूनही पूर्ण पसंत नाही.

कोटींनी पाडलेलं

ताईंच्या वाट्याला सतत एकच टोमणा यायचा, की त्यांची नाणी ढिगाने आहेत. त्यांनी त्याला उत्तर काकांच्याच लाडक्या चांदीतून दिलं. अमेरिकेचा मॉर्गन डॉलर काकांकडे बरेच आहेत. हे डॉलर १८७८ पासून अमाप पाडले गेले, आणि १९१८ च्या पिटमन कायद्याखाली चांदीचे २७ कोटी डॉलर वितळवले गेले. कोणत्या सालातले किती वितळले याची नोंदच ठेवली गेली नाही. ताईंचा मुद्दा असा: किती पाडली हा टांकसाळीचा आकडा, किती उरली हे पुढच्या माणसांनी ठरवलं. आणि उरण्याचं गणित चलनी नाण्यांत फार विचित्र असतं. चांदीचं नाणं कुणीतरी गाठीला बांधून ठेवतं, पण अॅल्युमिनियमचं एक पैशाचं नाणं कोण जपून ठेवणार? झिजलेली हवी तेवढी मिळतात. पाडल्या दिवसाचा तजेला असलेलं शोधायला बसा, मग कळतं.

त्यांनी भारतीय नाण्यांची एक जोडणीही ठेवली, त्याच सालाची, त्याच नक्षीची चार नाणी. सालाखाली मुंबईची पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नाही. भिंग फिरलं. काकांनी आयुष्यभर ही नाणी खर्चली होती आणि ही खूण पाहिली नव्हती, असं त्यांनीच सांगितलं. चारही नाण्यांना तिथल्या तिथे संमती मिळाली.

ताई आणि धाकटा यांच्यात एकाच नाण्यावरून खरी ओढाताण झाली: ब्रिटनचं साल नसलेलं वीस पेन्सचं नाणं. २००८ मध्ये तिथे नवी नक्षी आली तेव्हा साल मागच्या बाजूवरून पुढच्या बाजूवर गेलं. काही नाणी जुनी पुढची बाजू आणि नवी मागची बाजू अशा जोडीने पाडली गेली, आणि साल कुठेच राहिलं नाही. धाकटा म्हणतो, दोन न जुळणारे ठसे, म्हणजे म्यूल, म्हणजे चूक. ताई म्हणतात, लोकांच्या खिशांतून फिरलं, म्हणजे चलनी. नाणं ताईंचं होतं म्हणून खान्यातली माहितीची चिठ्ठी ताईंनी लिहिली; तिच्यात धाकट्याचा शब्द आला.

माझं एक नाणं ताईंच्या एका नाण्याशेजारी गेलं याचा मला विशेष आनंद आहे. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली. हिंदुस्थानात १९४३ पासून भोकाचा पैसा आला. त्याच १९४३ मध्ये अमेरिकेने तांबं युद्धसामग्रीसाठी राखून एक सेंटचं नाणं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादात पाडलं. एकाने धातू मधूनच काढून टाकला, दुसऱ्याने धातूच बदलला. प्रदर्शनात लहान मुलांची गर्दी या दोन नाण्यांपुढे सर्वांत जास्त होती.

केवळ संग्राहकांना विकण्यासाठी पाडलेल्या, चलनात कधीच न उतरलेल्या संचांवर मी फार लिहीत नाही. काकांनी एक देखणा चांदीचा संच सुचवला. तिघांनी नाही म्हटलं. मीही त्या तिघांत होतो आणि आजही माझं मत तेच आहे. देवघेवीत न उतरलेल्या नाण्याला मला विचारायला काही सुचत नाही.

ताण कुठे आला

इथवरचे मतभेद चवीचे होते. थालरच्या दिवशी मात्र प्रकरण हाताबाहेर जाऊ शकलं असतं.

काकांनी मोठ्या अभिमानाने मारिया तेरेझाचा थालर ठेवला. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी, साल १७८०, अठ्ठावीस ग्रॅमचं भरदार नाणं. काका म्हणाले, अठराव्या शतकातलं, आणि अवस्था बघा. धाकट्याने पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि तो काही बोलला नाही. सरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी भिंग उचललं आणि धाकट्याला न देता काकांच्या हातात दिलं. "जे दिसतंय ते त्यांना दाखव, आम्हाला नको."

धाकट्याने खुर्ची काकांशेजारी ओढली. सम्राज्ञी १७८० मध्ये वारली, आणि तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर, अरबस्तानात आणि इथिओपियात, हे नाणं इतकं रुळलेलं होतं की साल किंवा नक्षी बदललेलं नाणं लोक घेईनात. म्हणून पुढची दीडशे-दोनशे वर्षं ते १७८० हेच साल घालून पाडलं गेलं; व्हिएन्नात, रोममध्ये, लंडनमध्ये, आणि दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा. सम्राज्ञीच्या खांद्यावरच्या ब्रोचला किती मोती आहेत, मागच्या गरुडाच्या शेपटीची पिसं कशी मांडली आहेत, अशा बारकाव्यांवरून कोणतं नाणं कुठलं आणि साधारण केव्हाचं ते ठरवतात. काकांनी मोती स्वतः मोजले. सूचीतल्या चित्रांशी ताडून पाहिले. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "विसाव्या शतकातलं आहे," आणि नाणं पाकिटात घालू लागले.

कुणी सांत्वन केलं नाही. पाकिटात जाणारं नाणं थांबवलं ते धाकट्याने. तो म्हणाला, काका, तुम्ही हे काढून घेतलंत तर मी माझंही एक काढतो. याच्याइतकं चांगलं नाणं आज टेबलावर आलेलं नाही. राज्य गेलं, घराणं गेलं, आणि तिचा चेहरा दुसऱ्या खंडातल्या व्यापाऱ्यांच्या आग्रहाखातर पाडला जात राहिला. धातूवर विश्वास असतो म्हणता ना? इथे चेहऱ्यावर होता, आणि तो सांभाळायला चांदीही तशीच ठेवावी लागली. तुमचा आणि सरांचा पितळेचा वाद या एका नाण्यात आहे.

नाणं आत गेलं. काकांनी चिठ्ठी स्वतः लिहिली: "साल १७८०, पाडलं विसाव्या शतकात." प्रदर्शनात लोक तिथे थांबून विचारायचे आणि काका प्रत्येकाला मोती मोजायला लावायचे.

सरांनी भिंग कुणाच्या हातात दिलं, ही गोष्ट मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. तेच वाक्य धाकट्याने पाच जणांसमोर मोठ्याने म्हटलं असतं तरी खरंच ठरलं असतं, पण काका पुढच्या बैठकीला आले असते असं मला वाटत नाही. गटात आता ही रीत पडली आहे: शंका आधी मालकाच्या कानात, आणि भिंग मालकाच्या हातात.

अवस्था आणि चकाकी

काका आणि मी यांच्यातला जुना वाद अवस्थेचा. ते गुणांकनाची भाषा बोलतात. हे १ ते ७० चं प्रमाण विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडलं, आणि आज ते जगभर सगळ्याच नाण्यांना लावतात. काकांना साठीच्या वरचं नाणं हवं असतं. मला विशी-तिशीतलं चालतं, किंबहुना तेच हवं असतं. काका म्हणतात, न झिजलेल्या नाण्यात ठसा कोरणाऱ्याचा हात दिसतो. अगदी खरं. माझं म्हणणं, झिजलेल्यात ते वापरणाऱ्यांचे हात दिसतात. पेटीत दोन्ही ठेवली आणि वाद आहे तिथेच राहिला.

एका बाबतीत मात्र पाचही जण एका सुरात ओरडले. प्रदर्शनाच्या व्यवस्थेतल्या एकाने आपुलकीने सुचवलं, नाणी जरा घासून चकचकीत करू या का? घासल्याने वरचा थर जातो, ठशाच्या दाबाने धातूत पडलेल्या बारीक रेषा जातात आणि ते परत आणता येत नाही, हे काकांनी त्याला माझ्या तांब्याचं उदाहरण घेऊन समजावलं. माझ्या शिवराईची बाजू काका घेताहेत हे दृश्य गटाला नवीन होतं.

पेटीनंतर

चोवीस खाने भरले तेव्हा कुणाची किती, हे मोजायचं राहून गेलं. धाकट्याने मागाहून मोजलं; सरांची सर्वांत जास्त निघाली आणि ताईंना ते मुळीच आवडलेलं नाही. चढाओढ संपली वगैरे काही झालेलं नाही. काकांनी निकेलचे रुपये जमवायला घेतले आहेत, पण वेगळ्या वहीत, चांदीच्या वहीत नाही. धाकटा हातोड्याच्या नाण्यांतले ब्रॉकेज शोधतो आहे आणि सरांच्या आधी मिळवायचं म्हणतो. सर ताईंकडून टांकसाळीच्या खुणा शिकले आणि मग त्यांनीच ताईंना चौकटीचा एक बारीक फरक दाखवला, जो ताईंनी पाहिलेला नव्हता. त्यावर ताई दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आम्ही एकाच प्रश्नावर भांडतो आहोत असं समजत होतो आणि खरं तर प्रत्येक जण नाण्याला वेगळं विचारत होता. काका विचारतात, हे कशाचं आहे? धाकटा, हे कसं झालं? सर, हे कुणाच्या हुकमाने? ताई आणि मी, हे कुणाकुणाच्या हातांतून गेलं? किंमत आणि दुर्मिळ हे शब्द बाजूला ठेवल्यावर हे प्रश्न उघडे पडले. त्यांतल्या कुठल्याही एका प्रश्नाला इतरांपेक्षा मोठं मानायला मी तयार नाही, पण ज्या नाण्यापाशी यांतले दोन-तीन प्रश्न एकदम विचारता येतात ते मला जमवण्याजोगं वाटतं. काकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते धातू पहिला, मग बाकीचं.

नवा वाद प्रदर्शनातच सुरू झाला. एका पाहुण्याने राम-लक्ष्मण-सीतेची मुद्रा असलेलं, १८१८ साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव घातलेलं "अर्धा आणा" आणलं. कंपनीने असं नाणं कधीच पाडलेलं नाही, यावर पाचही जणांचं तत्काळ एकमत. ते अलीकडे बनवून जुनं म्हणून खपवलेलं असतं आणि जमवण्याजोगं नाही. पण मग सरांनी विचारलं, देवस्थानांशी जोडलेल्या, लोक पूजेत ठेवत आलेल्या जुन्या रामटंका जमवायच्या की नाही? त्या चलन कधीच नव्हत्या. आणि सॅक्सनीत पहिल्या महायुद्धानंतर मायसेनच्या कारखान्याने चिनी मातीची अडीनडीची नाणी काढली, त्यांचं काय?

काका म्हणतात, माती म्हणजे नाणं नव्हे, विषय संपला. ताई म्हणतात, व्यवहारासाठी काढली असतील तर ते नाणं, मग कशाचंही असो. रामटंका मात्र बाहेर. सर नेमकं उलट म्हणतात. धाकट्याला एवढंच जाणून घ्यायचं आहे की भाजताना तडा गेलेलं मातीचं नाणं चुकीत धरायचं का. पुढच्या पेटीसाठी मी रामटंकांच्या बाजूने आहे, आणि शंभर वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेली एक पितळी रामटंका काकांसमोर ठेवायचं ठरवलं आहे.